चालू स्थिती

पाटीवर आठ ओळी होत्या. पहिल्या सातांत बंदराचं कौतुक होतं, आणि आठवी वाचून मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मावशी म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारी बाई. वय एकसष्ट, कमरेला लहान-मोठ्या पेचकसांची पिशवी, आणि जीभ त्या पेचकसांपेक्षा धारदार. गल्ली तिला मशीनमावशी म्हणायची. बंदराच्या कचेरीत गणवेश शिवायची एक खोली होती, तिथली चार मशीनं वर्षातून दोनदा तिच्या हाताखालून जायची. त्या दिवशी चौथ्या मशीनचं शटल बसवून ती हात पुसत बाहेर आली, तर व्हरांड्यात पेंटर उकिडवा बसून पाटी रंगवत होता. बंदराला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. त्यासाठी एका जुन्या लाँचचं इंजिन फाटकाशी चौथऱ्यावर बसवायचं ठरलं होतं, त्याची ही पाटी. मावशीनं चष्मा नाकावर सारखा केला आणि आठवी ओळ पुन्हा वाचली. "चालकाच्या हलगर्जीपणामुळे धक्क्याला धडकून ही लाँच निकामी झाली."

"हे कोणी लिहायला सांगितलं?"

"साहेबांनी," पेंटर म्हणाला. "का? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं का कुठं?"

"चुकलं," मावशी म्हणाली. "सगळंच चुकलं."

तो चालक म्हणजे मावशीचे बाबा.

आता थोडं मागं जावं लागेल, कारण हा राग काही त्या व्हरांड्यात जन्मलेला नव्हता. पन्नास वर्षांचा राग होता तो, चांगला मुरलेला. बाबा त्या लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. वर सुकाणू धरणारा वेगळा, खाली तेलाच्या वासात आणि गरम हवेत बाबा एकटे. वरून घंटी वाजायची आणि त्याप्रमाणे त्यांनी दांडा टाकायचा. दांडा पुढे टाकला की लाँच पुढे, मागे टाकला की लाँच मागे. इतकं साधं काम, आणि ते त्यांनी चौदा वर्षं एक ओरखडा न येऊ देता केलं होतं. मग एका सकाळी लाँच धक्क्याला लागत असताना घंटी आली, हळू. बाबांनी इंजिन हळू केलं. दुसरी घंटी आली, मागे. बाबांनी दांडा मागे टाकला. आणि लाँच मागे यायची ती उसळी मारून पुढे गेली आणि धक्क्याच्या पायऱ्यांवर आदळली. पायऱ्या फुटल्या, लाँचचं नाक फुटलं, दोन उतारूंचे हात मोडले. जीव कोणाचा गेला नाही. गेली ती बाबांची नोकरी, आणि तिच्या मागोमाग अब्रू.

चौकशी झाली. बाबा सांगत राहिले, "मी दांडा मागेच टाकला होता. चाक उलटं फिरलं." टेबलापलीकडचे तिघं एकमेकांकडे बघून हसले. एकजण म्हणाला, "इंजिनाचं चाक आहे ते, जत्रेतला पाळणा नव्हे, वाटेल तिकडे फिरायला." अपघातानंतर दांडा मागेच सापडला होता, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. आणि पुढच्याच ओळीत लिहिलं की धडक बसल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी चालकानं तो मागे ओढला असावा. म्हणजे बघा! दांडा पुढे सापडता तर बाबा दोषी, आणि मागे सापडला तर बाबा लबाड आणि दोषी! असल्या चौकशीपेक्षा नाणं उडवलं असतं तर निदान अर्धी तरी आशा होती.

अकरा वर्षांची मावशी त्या खोलीच्या दाराशी उभी होती. न राहवून ती म्हणाली, "आमच्या आईच्या मशीनचं चाकपण उलटं फिरतं. पाय हळू पडला की फिरतं, आणि दोरा तुटतो." त्यावर ते तिघं पोट धरून हसले. खोटं काय होतं त्यात? पायमशीनवर बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा. पण पायमशीनवर बसलेल्या बाईला विचारतो कोण!

त्या दिवसापासून बाबा 'उलटे ड्रायव्हर' झाले. शाळेत मुली तिला बघून पाठमोऱ्या चालत जायच्या आणि खिदळायच्या. बाबा पुढं पंचवीस वर्षं एका गोदामाच्या दाराशी स्टुलावर बसले. भाजी आणायला गेले तरी धक्क्याचा रस्ता टाळून लांबचा वळसा घालून जायचे. जेवताना मधेच घास थांबवून म्हणायचे, "मी मागेच टाकला होता ग." आई म्हणायची, "हो, जेवा आता." आणि दादा, मावशीचा थोरला भाऊ, तो एकदा ताट सरकवून म्हणाला, "बाबा, पुरे झालं. चूक झाली म्हणा आणि मोकळे व्हा ना!" बाबांनी त्यानंतर दादासमोर तो विषय काढला नाही. मरेपर्यंत नाही.

तर अशी ती आठवी ओळ. मावशी तशीच, मशीनच्या तेलानं काळ्या झालेल्या हातांनी, साहेबांच्या खोलीत शिरली.

साहेब तरुण होते, हसरे होते, आणि कुठल्याही गोष्टीचं त्यांना काही वाटत नव्हतं. "बाई, जुनी नोंद आहे, मी काय करणार?" ते म्हणाले. मावशी म्हणाली, नोंद खोटी आहे. साहेब म्हणाले, पुरावा द्या. मावशी म्हणाली, पुरावा तुमच्या गोदामामागं गंजत पडलाय. तेव्हा साहेबांना गंमत वाटली. खुर्चीत मागं रेलून ते म्हणाले, "ते इंजिन उलटं फिरताना दाखवा मला. पाटी मी स्वतः पुसतो."

"लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"मला त्या इंजिनाला हात लावायची परवानगी आहे, असं."

ब्याद टळावी म्हणून साहेबांनी दोन ओळी टंकून दिल्या. "सदर इंजिन समारंभापर्यंत चालू स्थितीत ठेवण्याच्या अटीवर, अर्जदारास इंजिनाजवळ काम करण्यास या कचेरीची हरकत नाही." खाली सही, शिक्का. समारंभाला अजून एक वर्ष होतं, आणि साहेब ते पत्र त्याच संध्याकाळी विसरून गेले.

ते पत्र घेऊन मावशी फिटरकाकांकडे गेली. काका बंदराच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्र्याहत्तर वर्षांचे, घरच्या पडवीत एक लेथ ठेवून लोकांचे पंप नीट करून देणारे. तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, तरी तिला मावशीच म्हणायचे. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. "अगं मावशी, हे नुसती परवानगी देत नाहीयेत. इंजिन चालू करून ठेवा म्हणून अट घालतायत! समारंभापर्यंत चालू स्थितीत!"

"अट घातली म्हटल्यावर पाळायला नको?"

"पाळलीच पाहिजे," काका म्हणाले आणि नट सोडवायचे पाने गोळा करायला लागले.

इंजिनाची दशा बघून मात्र दोघांनी कपाळाला हात लावला. माणसाच्या छातीएवढं उंच बिडाचं धूड, शेजारी गाडीच्या चाकाएवढं जड चाक, आणि सगळ्यावर गंजाचा पापुद्रा. जातच जुनी. आजच्यासारखं बटण दाबलं की सुरू, असलं काही नाही. डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असतो, तो ब्लो लॅम्पच्या ज्योतीनं लालसर होईपर्यंत तापवायचा, मग चाक हातानं झोके देऊन फिरवायचं. आत तेलाचा फवारा त्या तापल्या गोळ्यावर पडला की भडका उडतो आणि पिस्टन ढकलला जातो. हे झालं धड इंजिनाचं. यातलं चाक दोन माणसं लोंबकळली तरी हलत नव्हतं.

पिस्टनवर रॉकेल आणि मशीनचं तेल ओतून ठेवायचं, सकाळी लाकडी ठोकळा धरून तीन घाव घालायचे, आणि पुन्हा तेल ओतून घरी. असे बेचाळीस दिवस गेले. रोज सकाळी सहा ते नऊ हे काम, मग मावशी आपली पिशवी घेऊन गिऱ्हाइकांकडे. त्रेचाळिसाव्या दिवशी पिस्टन बोटभर हलला, आणि काकांनी तिथंच जमिनीवर बसकण मारली. पाणी खेळायच्या पोकळीतून घमेलंभर चिखल निघाला, त्यात खेकड्यांची कवचं. तेलाची तोटी बुजली होती, तिची भोकं केसाएवढी. काका म्हणाले, हे काही आपल्याच्यानं होणार नाही. मावशीनं पिशवीतून नऊ नंबरची सुई काढली आणि दोन दिवसांत तोटी साफ करून दिली. सांध्यांत घालायची गॅस्केटं तिनं शिंप्याच्या खडूनं आखून कात्रीनं कापली, ब्लाऊजचा गळा कापावा तशी. काकांनी तोंडात बोट घातलं. "आयुष्यभर आम्ही छिन्नीनं तोडत बसलो ग!"

मावशीची एक सवय होती. मशीनमध्ये नवा पार्ट घातला की जुना फेकायचा नाही. कागदात बांधायचा, वर गिऱ्हाइकाचं नाव आणि काय झालं ते लिहायचं, आणि ज्याचा त्याला परत द्यायचा. पार्ट झिजला म्हणून बदलला, उगाच नाही बदलला, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तीच सवय तिनं इथंही ठेवली. काका लेथवर नवा भाग बनवायचे, मावशी जुना पुडीत बांधायची. डब्यात अशा सतरा पुड्या झाल्या. गिऱ्हाईक कोण म्हणून लिहायचं हे मात्र तिला कळेना, म्हणून वरची जागा तिनं कोरीच सोडली.

दहाव्या महिन्यात एका सकाळी त्यांनी गोळा तापवला, काकांनी चाकाला दोन झोके दिले, आणि ते धूड खोकलं. मग पुन्हा खोकलं. मग डुग... डुग... डुग-डुग-डुग करत असं चाललं की पत्र्यावरची धूळ खाली सांडायला लागली. काका त्र्याहत्तर वर्षांचे आहेत हे विसरून नाचले. "मावशी, चाललं! अगं, चाललं की ग!"

मावशी चाकाकडे बघत होती. चाक सरळ फिरत होतं.

तिनं तेल कमी केलं. इंजिन शहाण्यासारखं हळू झालं, आणखी हळू झालं, आणि थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हळू केलं, पुन्हा थांबलं. त्या आठवड्यात तिनं चाळीस वेळा केलं असेल. एकदाही उलटं फिरलं नाही. काकांनी इतकं सुरेख नीट केलं होतं की त्या इंजिनाला नाव ठेवायला जागा नव्हती. आणि त्याचा अर्थ काय होत होता? की इंजिन निर्दोष होतं, आणि बाबा खोटं बोलले.

हा विचार तिच्या मनात आला. आला तो आला, वर ठाण मांडून बसला. माणूस भेदरला असेल, दांडा टाकायचा राहिला असेल, मग घाबरून मागे ओढला असेल, आणि एकदा तोंडातून निघालेलं खोटं जन्मभर सांभाळत बसला असेल. होतं असं. आठ दिवस मावशी लोकांची मशीनं उघडत आणि बंद करत होती, आणि आठही दिवस तिला स्वतःची लाज वाटत होती, पण विचार काही जाईना. तिचा तिच्यावरच इतका संताप झाला की एका शिंपिणीला तिनं उगाचच फाडून खाल्लं. बाबांचे तीन अर्ज होते तिच्याकडे, आईच्या मशीनच्या खणात राहिलेल्या कार्बन कॉपी. अपघाताच्या आधीच्या वर्षात त्यांनी कचेरीला केलेले. तिन्हींत तेच. "मंद गतीला चाक लाथ मारते. पार्ट बदलून मिळावा." तिन्हींना उत्तर नाही. वाचून वाचून कागद विरले होते. कुठला पार्ट, हे बाबांनी लिहिलं नव्हतं. त्यांना तरी कुठं ठाऊक होतं! इंजिन उघडून बघायचा अधिकार फिटरला, ड्रायव्हरला नव्हे.

नवव्या दिवशी साहेब आले. समारंभ जवळ आला म्हणून फिरत होते, त्यांना डुगडुग ऐकू आली, आणि ते धावतच गोदामामागं आले.

"हे काय चाललंय?"

"इंजिन," काका म्हणाले.

"ते दिसतंय मला! कोणी सांगितलं हे चालू करायला?"

मावशीनं पिशवीतून पत्र काढलं. साहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "अहो बाई, चालू स्थितीत म्हणजे सध्याच्या स्थितीत! आहे तसं ठेवा! हात लावला तरी बदल करू नका, असा त्याचा अर्थ! चालू महिना म्हणतो आपण, चालू वर्ष म्हणतो. वर्ष काय डुगडुगतं का?"

"आणि चालू माणूस म्हणतात ते?" काकांनी विचारलं.

"कोणाला म्हणताय?"

"छे छे, कोणाला नाही. शब्दांवरच चाललंय, म्हणून आपलं विचारलं."

साहेबांचा हसरेपणा त्या दिवशी संपला. जुनी वस्तू जुनी दिसली पाहिजे, तिच्यात नवे भाग घालणं हा गुन्हा आहे, तुम्हा दोघांवर मी कारवाई करू शकतो, असं बरंच बोलले. गंजलेलं लोखंड पन्नास वर्षं पावसात भिजत पडलं तेव्हा कोणाला गुन्हा दिसला नाही. दोन म्हाताऱ्यांनी ते पुसलं तेव्हा एकदम कायदा आठवला! शेवटी त्यांनी हुकूम सोडला. "घातलेले सगळे नवे भाग काढायचे. जुने जसेच्या तसे परत घालायचे. इंजिन होतं तसं मला हवंय. परवा सकाळी मी पाटी घेऊन येतोय, तोवर झालं पाहिजे."

ते गेले. मावशी जागच्या जागी उभी. आता ही त्यांच्या पाठी धावून जाणार असं काकांना वाटलं आणि त्यांनी तिचा दंडच धरला. पण मावशी हळूच म्हणाली, "काका, होतं तसं."

"काय?"

"बाबांनी पार्ट बदलून मागितला होता, आणि आपण तो बदलला. बाबांचा अर्ज पन्नास वर्षांनी आपण मंजूर करून बसलो, काका! मग आता लाथ कशी मारेल ते?"

मग दोघांनी डबा ओतला आणि सतरा पुड्या एकेक करून उघडल्या. रिंगा, झडपा, बुशं. अकराव्या पुडीत कॅम होता, तेलाच्या पंपाला वेळेवर टोला देणारा लोखंडी तुकडा, तळहातावर मावेल एवढा. शाफ्टवर तो घट्ट बसावा म्हणून त्याच्या आत एक खाच असते. ती खाच झिजून रुंद झाली होती. काकांनी तो शाफ्टवर सरकवला आणि बोटानं हलवला. तो खुळखुळला.

"हा पुढं सरकला की तेल वेळेआधी पडतं," काका म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. "पिस्टन वर पोचायच्या आतच भडका. चाक जोरात असलं तर स्वतःच्या वजनानं तो धक्का पचवून जातं. पण हळू असलं तर... मावशी, हळू असलं तर पिस्टन तिथूनच मागे फिरेल."

"पाय हळू पडला की," मावशी म्हणाली.

साहेबांचा हुकूम म्हणजे पडत्या फळाची आज्ञा झाली. ते दोन दिवस दोघांच्या नाकी नऊ आले. ठरलेल्या सकाळी कॅमचा शेवटचा नट आवळला तेव्हा साहेब फाटकातून येताना दिसत होते. चालवून बघायला वेळच उरला नव्हता. काकांनी गोळा तेवढा तापवून ठेवला होता.

साहेबांमागं पेंटर होता, काखेत पाटी. त्यांच्यामागं धक्क्यावरचे दहाबारा कामगार, तमाशा बघायला. आणि सगळ्यांच्या मागं दादा. अडुसष्ट वर्षांचा, काठी टेकत. मावशीनंच निरोप धाडला होता, पण तो येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"होतं तसं केलंत?" साहेबांनी विचारलं.

"केलं. चालू स्थितीत आहे," मावशी म्हणाली. "तुमच्या अर्थानंही, आणि माझ्याही."

साहेबांनी तोंड उघडायच्या आत काकांनी चाकाला झोका दिला. इंजिन खोकलं आणि चाललं. दांड्यापलीकडं जिथं पूर्वी पाण्यातल्या पंख्याचा शाफ्ट जोडलेला असायचा, तिथल्या टोकाला मावशीनं लाल कापडाची चिंधी बांधली होती. तिनं दांडा पुढे टाकला, चिंधी फिरायला लागली. "ही लाँच पुढे चालली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आता धक्का जवळ आला. वरून घंटी आली, हळू." तिनं दांडा मधे आणला आणि तेल कमी केलं.

डुग... डुग...... डुग. चाक वर चढता चढता अडखळलं. आता थांबणार, असं वाटलं. आणि आतून धाडकन लाथ बसली, खालच्या लाकडी ओंडक्यांसकट सगळं हादरलं, पेंटर पाटीसकट दोन पावलं मागं उडाला, आणि चाक उलटं फिरायला लागलं. विझलं नाही, अडलं नाही. त्याच तालात, डुग-डुग-डुग, उलटं.

मावशीनं घाम पुसला.

"दुसरी घंटी आली, मागे. साहेब, दांडा मागे टाका."

"मी?"

"तुम्हीच. नाहीतर उद्या कोणी लिहील, की बाईनं नंतर ओढला."

साहेबांनी रुमालानं दांडा धरला आणि मागे ओढला. लाल चिंधी थरथरली आणि फिरायला लागली. मघाशी फिरत होती त्याच बाजूला.

"दांडा कुठं आहे, साहेब?"

"मागे."

"आणि लाँच कुठं चालली?"

साहेबांनी चिंधीकडं बघितलं, दांड्याकडं बघितलं, पुन्हा चिंधीकडं बघितलं. "पुढे," ते म्हणाले.

कामगारांमधून एक आवाज आला, "अरे बापरे." साहेब घसा खाकरून म्हणाले की हे समितीपुढं ठेवावं लागेल, योग्य तो विचार होईल. मावशी उसळलीच. "ही ओळ लिहिताना समिती कुठं होती? तिघांनी हसत हसत एका माणसाला आयुष्यातून उठवलं, आणि ते पुसायला आता समिती? तुम्ही म्हणालात पाटी स्वतः पुसतो. पुसा!" बारा माणसं बघत होती. साहेबांनी पेंटरला खूण केली, आणि पेंटरनं टर्पेंटाइनचा बोळा काढून आठवी ओळ पुसली. पण मावशीचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. जागा रिकामी ठेवायची नाही म्हणाली. तिथं लिहा, चालकाने दांडा वेळेत मागे टाकला होता.

"असं नोंदीत नाही, बाई."

"दांडा मागे सापडला हे तुमच्याच नोंदीत आहे. नंतर ओढला असावा, हे तुमचं मन. नोंद ठेवा, मन काढा."

पेंटरनं साहेबांच्या खुणेची वाटही बघितली नाही. ब्रश बुडवला आणि लिहायला बसला. साहेब पाठ फिरवून दुसरीकडं काहीतरी बघायला लागले.

दादा तोवर काठी टेकत इंजिनाजवळ आला होता. उलट्या चाकाकडं तो किती वेळ बघत होता कोण जाणे. "बाबा खरं सांगत होते ग," तो म्हणाला.

मावशीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तीस वर्षांपासून तयार होतं. बाबा तोंडानं सांगत होते तेव्हा पटलं नाही, आणि आज लोखंडानं सांगितलं तेव्हा पटलं होय रे तुला? त्यांनी तुझ्यासमोर घास गिळला आणि शब्दही गिळला, आठवतं का? ती श्वास घेऊन वळली, आणि तिला आपले आठ दिवस आठवले. तिलाही लोखंडानंच सांगावं लागलं होतं. मग तिनं दादाच्या हातातली काठी घेतली, त्याला ठोकळ्यावर बसवलं, आणि स्वतः शेजारी बसून रडली.

इंजिन बंद केलं. कॅम आता आतच राहणार होता, झिजलेला, होता तसा. बाहेर उरला तो काकांनी लेथवर घडवलेला नवा, चकचकीत, घट्ट खाचेचा. कामगार पांगल्यावर मावशीनं तो पुसला आणि अकराव्या पुडीच्याच कागदात बांधला. मग वरच्या कोऱ्या जागेत, सगळ्या गिऱ्हाइकांसाठी लिहायची तशी, पेन्सिलीनं लिहिलं. बाबा. तिसरा अर्ज. पार्ट आला.

पुडी तिनं पिशवीत टाकली आणि दादाचा हात धरून धक्क्याच्या रस्त्यानं घरी निघाली.